रुब्रिकने क्लिनिकलचे गुण खरे होतात का? (निमित्त: राइल्स ट्यूब)

निर्झरा

नमस्कार मंडळी,

इथे नर्सिंग, मेडिकल, फिजिओथेरपी शिकवणारे आणि शिकणारे बरेच जण आहेत, म्हणून हा धागा काढतेय. विषय आमच्या पेशातला आहे: वॉर्डात शिकणाऱ्या मुलींना गुण कसे द्यायचे. पण ज्यांच्या घरचं माणूस कधी ना कधी दवाखान्यात भरती झालंय, त्यांनीही जरूर बोलावं.

मी विदर्भातल्या एका नर्सिंग कॉलेजात शिकवते. बी.एस्सी. नर्सिंगचा अभ्यासक्रम २०२१ मध्ये बदलला, सेमिस्टर आले. लॉगबुक (केलेल्या कामांची नोंदवही), ऑस्की (वेगवेगळ्या स्टेशनांवर, म्हणजे टेबलांवर, ठरलेल्या वेळात एकेक काम करून दाखवायची परीक्षा), प्रत्यक्ष निरीक्षणाखालची प्रॅक्टिकल असं सगळं भारतीय परिचर्या परिषदेने त्यात घातलं. दिशा योग्यच आहे. पण वॉर्डात गुण कसे पडतात ते आपल्याला माहीत आहे. पोस्टिंग, म्हणजे मुलींची एखाद्या वॉर्डातली शिकण्याची पाळी, संपत आलं की इव्हॅल्युएशनचे फॉर्म एकगठ्ठा समोर येतात. ज्ञान, कौशल्य, वागणूक, वक्तशीरपणा, गणवेश असे रकाने आणि प्रत्येकापुढे दहापैकी गुण. दहापैकी सात म्हणजे मुलीला नेमकं काय येतं आणि आठ मिळायला तिने आणखी काय करायला हवं, हे त्या फॉर्मवर कुठेही लिहिलेलं नसतं. मग आवाज चढवून बोलणारी मुलगी 'कॉन्फिडंट' ठरते आणि गप्प राहून नीट काम करणारी 'ॲव्हरेज'.

प्रोसिजरसाठी चेकलिस्ट असते, तिच्यातही एक मोठं भोक आहे. राइल्स ट्यूबमधून फीड देण्याचं उदाहरण घेऊ. (बाहेरच्या वाचकांसाठी: गिळता न येणाऱ्या पेशंटच्या नाकातून पोटात जी नळी घालतात ती राइल्स ट्यूब. तिच्यातून पातळ अन्न देतात.) चेकलिस्टमध्ये वीस पायऱ्या, प्रत्येक पायरीला एक गुण. पडदा लावला, एक गुण. हात धुतले, एक गुण. डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश उचलली, एक गुण. नळी पोटातच आहे याची खात्री केली, तोही एकच गुण. म्हणजे एखादीने सगळं सुरेख केलं आणि फक्त नळी पाहिली नाही, तर तिला वीसपैकी एकोणीस. आणि ती नळी सरकून श्वासनलिकेत गेलेली असेल तर ते फीड फुप्फुसात जाईल. आमच्या फॉर्मवर ही मुलगी डिस्टिंक्शनमध्ये बसते, ही गोष्ट मला अस्वस्थ करते.

यावर उपाय म्हणून आम्ही रुब्रिककडे वळलो. रुब्रिक म्हणजे गुण देण्याचा तक्ता, त्यात प्रत्येक निकषापुढे तीन-चार पातळ्या असतात आणि त्या त्या पातळीवर विद्यार्थिनी काय करताना दिसते ते शब्दांत लिहिलेलं असतं. 'चांगलं', 'बरं', 'उत्तम' असले शब्द त्या चौकटीत चालत नाहीत. तिथे दिसणारी कृती हवी.

आम्ही तिघी जणी राइल्स ट्यूब फीडचं रुब्रिक लिहायला बसलो आणि 'नळी जागेवर असल्याची खात्री' या ओळीवरच अडलो. एक जण सिरिंजने हवा सोडून स्टेथोस्कोपने पोटावर आवाज ऐकायला शिकवते. दुसरी नळीचं तोंड पाण्याच्या वाटीत धरून बुडबुडे बघायला सांगते. मी नळीवरची नाकपुडीजवळची खूण आणि सिरिंजने आतून ओढलेला पोटातला स्राव पाहायला शिकवते. एकाच वर्गातल्या मुली, एकाच वॉर्डात, तीन तऱ्हा. बरं, तिघीही आपापल्या जागी मन लावून शिकवणाऱ्या. हा फरक आम्हाला रुब्रिक लिहायला घेतलं म्हणून कळला. चेकलिस्टमध्ये 'खात्री केली: हो / नाही' एवढंच होतं, त्यात सगळं झाकलं जात होतं.

माझं म्हणणं असं, की रुब्रिक आधी शिक्षकांनी आपापसांत नीट बोलण्यासाठी आणि मग विद्यार्थ्यांनी पोस्टिंगच्या पहिल्या दिवशी हातात घेण्यासाठी असतं. गुण देणं शेवटचं. तुमच्याकडे काय अनुभव आहे? कुठे वापरलंय का? कुठे फसलं?

शेवटच्या_बाकावरून

मॅडम, मी थर्ड इयरला आहे. दुसऱ्या शहरात.

आम्हाला इंटर्नलचे गुण नोटीस बोर्डावर कळतात. कशाचे किती हे कळत नाही. मागच्या मेडिकल वॉर्डच्या पोस्टिंगला माझ्या मैत्रिणीला आणि मला वेगवेगळ्या मॅडम होत्या. आम्ही केअर प्लॅन (पेशंटच्या शुश्रूषेचा लेखी आराखडा) एकत्र बसून केला होता, नर्सिंग डायग्नोसिस तेच, इंटरव्हेन्शन तेच. गुणांत चांगलाच फरक पडला. कोणाचे जास्त ते महत्त्वाचं नाही, पण तिने आणि मी दोघींनी विचारलं की काय कमी पडलं, तर उत्तर मिळालं, "अजून डिटेलमध्ये लिहायला पाहिजे होतं." कुठलं डिटेल?

स्किल लॅबमध्ये मात्र एका मॅडमनी कॅन्युलेशनचं (सलाईनसाठी शिरेत बारीक नळी घालण्याचं) रुब्रिक आधीच वाटलं होतं. आम्ही मॅनेकिनवर (सरावाच्या पुतळ्यावर) एकमेकींना त्यावरून तपासायचो. तेव्हा पहिल्यांदा मला कळलं की टुर्निके (दंडाला बांधायचा पट्टा) किती वेळ बांधून ठेवायचा याकडेही कोणी बघतं. त्याआधी माझं सगळं लक्ष 'व्हेन लागली की नाही' यावरच असायचं.

त्यामुळे माझं मत: आधी द्या. परीक्षेच्या दिवशी परीक्षकाच्या हातात पहिल्यांदा दिसलेलं रुब्रिक आमच्या काही कामाचं नाही.

जुनी_सिस्टर

निर्झराताई, लिहिलंय ते पटतं. तरी माझी हरकत मांडते.

मी जिल्हा रुग्णालयात सिस्टर इन्चार्ज म्हणून निवृत्त झाले. कॉलेजच्या मुलींच्या बॅचवर बॅच माझ्या वॉर्डातून गेल्या. कागदावर एका शिक्षिकेमागे दहा विद्यार्थी. त्या दहा जणी तीन वॉर्डांत विखुरलेल्या. शिक्षिका या वॉर्डातून त्या वॉर्डात पळते, मधेच प्राचार्यांचा फोन येतो, इन्स्पेक्शनच्या फायली असतात. आता तिच्या हातात तुम्ही प्रत्येक प्रोसिजरचा चार कॉलमचा तक्ता देणार. ती तो कधी भरणार? घरी जाऊन, आठवून. म्हणजे पुन्हा अंदाजेच, फक्त जास्त छापील.

दुसरं. मी मुलगी कशी आहे हे तिच्या ट्रेवरून ओळखत नव्हते. ती पेशंटच्या खाटेजवळ गेल्यावर आधी कुठे बघते ते पाहायचे. काही मुली सरळ सलाईनच्या बाटलीकडे बघतात. काही पेशंटच्या तोंडाकडे बघतात, ओठ कोरडे आहेत का, श्वास कसा चाललाय, कालच्यापेक्षा आज डोळे वेगळे दिसतायत का. ही दुसरी मुलगी पुढे चांगली नर्स होते. हे तुमच्या चौकटीत कसं बसवणार? आणि मुलीला कळलं की चौकटीत लिहिलेल्या गोष्टीलाच गुण आहेत, तर ती चौकटीकडे बघेल. पेशंटकडे कोण बघेल?

मी विरोधासाठी विरोध करत नाहीये. मला खरंच उत्तर हवंय.

पिंपळपान

जुनी_सिस्टर, तुमच्या प्रतिसादातला दुसरा मुद्दा वैद्यकीय शिक्षणात बराच चर्चिला गेलाय. मी एमबीबीएसच्या मुलांना मेडिसिन शिकवतो, म्हणून आमच्या बाजूने लिहितो.

ऑस्कीची पद्धत १९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडी इथे रोनाल्ड हार्डन आणि सहकाऱ्यांनी मांडली. उद्देश हाच की एका परीक्षकाच्या मर्जीवर आणि एका पेशंटच्या नशिबावर विद्यार्थ्याचं भवितव्य ठरू नये. अनेक स्टेशनं, ठरलेला वेळ, प्रत्येक स्टेशनवर चेकलिस्ट. परीक्षा जास्त न्याय्य झाली. पण पुढे कॅनडात ब्रायन हॉजेस आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखवलं की चेकलिस्टवर अनुभवी डॉक्टरांना शिकाऊ डॉक्टरांपेक्षा कमी गुण पडू शकतात. कारण अनुभवी माणूस सगळे प्रश्न ओळीने विचारत बसत नाही, तो चार नेमके प्रश्न विचारून निदानापाशी पोचतो. चेकलिस्टवर वीस प्रश्न असतील तर ती त्याच्या उरलेल्या सोळा खुणा कापते. त्याच्या आदल्याच वर्षी ग्लेन रेगर आणि सहकाऱ्यांच्या कामातून दिसलं होतं की जाणत्या परीक्षकाने एकूण कामगिरीवर दिलेली श्रेणी चेकलिस्टपेक्षा कमी विश्वासार्ह नसते, उलट काही बाबतींत सरसच ठरते.

म्हणजे तुमची नजर शास्त्राला मान्य आहे, सिस्टर. प्रश्न एवढाच की ती नजर दुसऱ्या शिक्षकाला आणि विद्यार्थ्याला कशी द्यायची. रुब्रिक इथे उपयोगी पडतं, कारण त्यात 'केलं / नाही केलं' यापलीकडे 'कसं केलं' लिहिता येतं.

आमच्याकडची स्थितीही सांगतो. २०१९ च्या तुकडीपासून क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम आला. लॉगबुकमध्ये प्रत्येक कौशल्यापुढे तीन श्रेणी: अपेक्षेपेक्षा कमी, अपेक्षेइतकं, अपेक्षेपेक्षा जास्त. शिवाय पुन्हा करायला लावायचं की पूर्ण समजायचं हा निर्णय, आणि सही. रचना विचारपूर्वक केलेली आहे. पण 'अपेक्षा' म्हणजे काय हे त्या त्या विभागाने ठरवून लिहायला हवं, आणि तेच बहुतेक ठिकाणी राहून जातं. मग पानभर 'अपेक्षेइतकं', 'अपेक्षेइतकं', खाली एकाच पेनाने एकाच दिवशी केलेल्या सह्या. असं लॉगबुक मुलाला काहीच शिकवत नाही.

टेम्सकाठ

धागा वाचून राहवलं नाही. मी मूळची साताऱ्याची, आता इंग्लंडमध्ये नर्स आहे आणि वॉर्डात विद्यार्थी माझ्यासोबत असतात.

निर्झरा, आधी तुमच्या तीन तऱ्हांबद्दल. हवा सोडून आवाज ऐकणं आणि पाण्यात बुडबुडे बघणं, या दोन्ही पद्धती वापरू नका असं इथल्या रुग्णसुरक्षा संस्थेने २००५ मध्येच स्पष्ट कळवलं. नळी फुप्फुसात असली तरी पोटावर गुडगुड ऐकू येऊ शकते. इथे पहिली चाचणी म्हणजे स्राव ओढून त्याचा पीएच (आम्लतेचा आकडा, कमी म्हणजे जास्त आम्ल) पट्टीवर बघणं, ५.५ किंवा त्याखाली हवा. स्राव मिळालाच नाही किंवा पीएच जास्त आला तर एक्स-रे. चुकीच्या जागी असलेल्या नळीतून फीड जाणं हे २००९ पासून इथे 'कधीच घडता कामा नये' अशा घटनांच्या यादीत आहे. म्हणजे वीसपैकी एक गुणाची ही गोष्ट नाहीच, तुम्ही म्हणता ते अगदी खरं.

भारतातल्या वॉर्डात एक अडचण येईल ती आधीच सांगते. बहुतेक पेशंटना पॅन्टोप्राझोल चालू असतं, त्याने पोटातलं आम्ल कमी होतं आणि पीएच वर जातो. त्यामुळे 'पीएच ५.५' एवढंच चौकटीत लिहून भागणार नाही. आकडा जास्त आला तर मुलगी काय करते, ते लिहा.

आता गुणांबद्दल. इथे २००३ मध्ये कॅथलीन डफी यांचा एक अभ्यास गाजला. वॉर्डातल्या मार्गदर्शक नर्सेस कमकुवत विद्यार्थ्यांना नापास का करत नाहीत, हा विषय. शंका असूनही पास करतात, कारण उशीर झालेला असतो, पुरावा लिहून ठेवलेला नसतो, मुलीचं वर्ष जाईल म्हणून जीव तुटतो, आणि पुढची कोणीतरी बघेल असं वाटतं. आपल्याकडे हे वेगळं आहे असं मला वाटत नाही. आईवडिलांनी शेत विकून फी भरलेली मुलगी समोर उभी असते तेव्हा 'तू अजून सुरक्षित नाहीस' हे म्हणायला आधाराला काहीतरी लिखित लागतं. रुब्रिक तो आधार देतं, विशेषतः पोस्टिंगच्या मध्यावर भरलं तर. २०१८ च्या नव्या नियमांनुसार इथे रोज सोबत शिकवणारी व्यक्ती आणि अंतिम निर्णय देणारी व्यक्ती वेगळी ठेवतात, त्यानेही शिकवणारीवरचं दडपण कमी होतं.

जुनी_सिस्टर, तुमच्या 'मुलगी आधी कुठे बघते' याला नर्सिंगमध्ये चौकट आहे! क्रिस्टीन टॅनर यांनी २००६ मध्ये नर्सच्या विचाराचे चार टप्पे मांडले: लक्षात येणं, अर्थ लावणं, कृती करणं आणि नंतर त्यावर विचार करणं. कॅथी लासाटर यांनी २००७ मध्ये त्यावरून रुब्रिक केलं, अकरा निकष आणि चार पातळ्या. पहिलाच भाग 'लक्षात येणं'. तुमचं निरीक्षण त्याच जागी येतं.

आजोळ

मी वैद्यकीय क्षेत्रातला नाही. तरी विचारतो.

बाबांना पक्षाघात झाला तेव्हा त्यांना याच नळीवर घरी सोडलं होतं. डिस्चार्जच्या दिवशी एका शिकाऊ नर्सने आईला आणि मला फीड कसं द्यायचं ते दाखवलं. फार गोड मुलगी. भरभर दाखवलं, "समजलं ना?" म्हणाली. आई "हो" म्हणाली. आई अशा वेळी हो म्हणणारच. घरी आल्यावर पहिल्याच रात्री प्रश्न पडला की फीड दिल्यावर बाबांना लगेच आडवं करायचं की नाही. आईला आठवत नव्हतं, मलाही नाही. शेजारच्या निवृत्त नर्सबाईंना रात्री उठवून विचारलं. त्यांनी सांगितलं, निदान अर्धा तास तरी बसतं ठेवा.

आपल्याकडे अशा पेशंटचं सगळं घरचेच करतात. तर त्या मुलीने आम्हाला नीट शिकवलं की नाही, याला तुमच्या तक्त्यात जागा आहे का?

फिजिओच्या_खोलीतून

आजोळ, हा प्रश्न फार मोलाचा आहे. मी फिजिओथेरपी शिकवतो. आमच्याकडे 'पेशंटशी संवाद' हा निकष असतो आणि तिथे 'सोप्या भाषेत समजावलं' असं लिहिलेलं असतं. त्यावर सगळ्यांना पूर्ण गुण पडतात. आम्ही ती ओळ बदलली. आता वरची पातळी अशी: 'नातेवाइकाला स्वतः करून दाखवायला लावलं आणि चुकलं तिथे दुरुस्त केलं.' त्याखालची: 'स्वतः दाखवलं, नातेवाइकाकडून तोंडी वदवून घेतलं.' सर्वांत खालची: 'फक्त सांगितलं आणि समजलं का विचारलं.' ओळ बदलल्यावर मुलांचं वागणं बदललं, कारण काय करायचं ते आता शब्दांत होतं. तुमच्या आईच्या हातात सिरिंज दिली असती तर तिथेच प्रश्न निघाला असता.

ज्यांना रुब्रिक वापरायचंय त्यांना एक कळकळीची विनंती. लिहून झालं की लगेच गुण द्यायला घेऊ नका. एका विद्यार्थ्याचा त्याच्या परवानगीने स्किल लॅबमध्ये व्हिडिओ करा. सगळ्या शिक्षकांनी एकमेकांशी न बोलता त्यावर गुण द्यावेत आणि मगच तक्ते समोरासमोर ठेवावेत. जिथे एकाने वरची पातळी दिली आणि दुसऱ्याने खालची, तिथे बहुतेक वेळा चौकटीतलं वाक्य संदिग्ध असतं. आमच्याकडे 'योग्य आधार दिला' या तीन शब्दांवर सगळ्यांत जास्त फरक पडला. पेशंटला चालवताना आधार कुठे? कमरेला, काखेत, दुबळ्या बाजूने की सशक्त बाजूने? शेवटी 'दुबळ्या बाजूला, किंचित मागे उभं राहून, कमरेच्या पट्ट्याला धरून' असं लिहिलं आणि फरक जवळजवळ मिटला. या बैठकीला दुपार जाते. ती दुपार द्यायची तयारी नसेल तर रुब्रिक करू नये, जुना फॉर्मच बरा.

निर्झरा

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं.

टेम्सकाठ, पीएच पट्टीची मागणी मी आमच्या वॉर्डासाठी लेखी दिलीय. मिळेपर्यंत काय करायचं यावर आम्ही तिघी आता एका मताच्या आहोत. खाली ती ओळ नव्याने लिहिलीय. बघून सांगा.

निकष: फीडआधी नळी पोटात असल्याची खात्री.

धोकादायक: खात्री न करता फीड सुरू करते, किंवा 'सकाळी बघितली होती', 'नातेवाईक म्हणाले' एवढ्यावर विसंबते.

मदत लागते: आठवण केल्यावर तपासते, किंवा फक्त हवेचा आवाज ऐकून पुढे जाते.

सुरक्षित: स्वतःहून नाकपुडीजवळची खूण नोंदीशी ताडते, तोंडात नळीचं वेटोळं नाही ना ते बघते, स्राव ओढून रंग आणि शक्य तिथे पीएच बघते, पेशंटला खोकला किंवा धाप नाही ना ते पाहते, मगच फीड देते आणि नोंद करते.

स्वतंत्र: वरचं सगळं, शिवाय स्राव मिळाला नाही किंवा पीएच जास्त आला तर फीड थांबवते, पेशंटला डाव्या कुशीवर वळवून थोड्या वेळाने पुन्हा बघते, तरीही शंका राहिली तर सिस्टर किंवा डॉक्टरांना कळवते आणि का थांबवलं हे नातेवाइकांना सांगते.

'धोकादायक' आलं की बाकीच्या ओळींची बेरीज करायचीच नाही, ती प्रोसिजर पुन्हा. पास व्हायला पन्नास टक्के हा नियम परीक्षेला ठीक आहे, पण नळी न बघता पन्नास टक्के सुरक्षित असं काही नसतं. अशा ओळी प्रत्येक प्रोसिजरमध्ये दोन-तीनच ठेवणार आहोत. सगळंच 'क्रिटिकल' म्हटलं की मुली भीतीने गोठतात आणि शिक्षक कोणालाच नापास करत नाहीत.

'आजोळ', तुमच्या आईसाठीची ओळही घातलीय. वरची पातळी: 'नातेवाइकाच्या हातून एक फीड पूर्ण करून घेतलं, फीडनंतर निदान अर्धा तास बसतं ठेवायचं, नळी पाण्याने धुवायची, आणि खोकला आला तर ताबडतोब थांबायचं, या तीन गोष्टी नातेवाइकाने आपल्या शब्दांत सांगितल्या.'

जुनी_सिस्टर, वेळेचा तुमचा मुद्दा मी टाळणार नाही. सगळ्या प्रोसिजरना रुब्रिक करायचं नाही असं ठरवलंय. ज्यात चुकलं तर पेशंटला इजा होते अशा मोजक्याच घ्यायच्या: औषध देणं, रक्त चढवणं, राइल्स ट्यूब फीड, कॅथेटर, ऑक्सिजन. बेड मेकिंगला चेकलिस्ट पुरे. तक्ता एका पानाचा, खाटेजवळ उभं राहून खुणा करता येतील एवढाच. मुलगी स्वतःला कुठल्या पातळीवर बसवते तिथे तिने आधी खूण करायची, मग मी. जिथे दोघींच्या खुणा जुळत नाहीत तेवढ्यावरच बोलायचं. याला पाच मिनिटं लागतात, आणि त्यातलं बोलणं मुलींच्या लक्षात राहतं.

शेवटच्या_बाकावरून

मॅडम, हे वाचून बरं वाटलं. एक शंका. 'धोकादायक' आलेल्या मुलीचं पुढे काय? आमच्याकडे एकदा शिक्का बसला की सगळ्या स्टाफला कळतं आणि मग ती पुढच्या वॉर्डात गेली तरी तिला हात लावू देत नाहीत. ती शिकणार कधी?

निर्झरा

रास्त शंका. आम्ही असं ठरवलंय: त्याच आठवड्यात स्किल लॅबमध्ये सराव, मग वॉर्डात पुन्हा, आणि दुसऱ्या वेळी बघायला दुसरी शिक्षिका. तक्ता तिच्या फाइलमध्ये राहील, वॉर्डाच्या भिंतीवर लागणार नाही. दुसऱ्यांदा सुरक्षित आलं तर तीच नोंद अंतिम. पोस्टिंग संपण्याच्या बेताला कोणाचीही पहिली वेळ येऊ नये म्हणून निरीक्षण दुसऱ्या आठवड्यापासून सुरू.

पिंपळपान

'स्वतंत्र' पातळीबद्दल एक सूचना. स्राव न मिळण्याचा प्रसंग प्रत्येक मुलीच्या वाट्याला वॉर्डात येईलच असं नाही. ज्यांच्या वाट्याला आला नाही त्यांना ती पातळी देता येणार नाही, आणि न देणंही अन्यायाचं. त्यासाठी स्किल लॅबमध्ये एक स्टेशन ठेवा: मॅनेकिनची नळी अशी लावा की स्राव येणारच नाही, आणि मुलगी काय करते ते बघा. १९९० मध्ये जॉर्ज मिलर यांनी जे टप्पे मांडले, माहीत असणं, कसं करायचं ते माहीत असणं, करून दाखवणं आणि प्रत्यक्ष कामात करणं, त्यातला तिसरा लॅबमध्ये आणि चौथा वॉर्डात तपासायचा. दोन्हीच्या खुणा एकाच तक्त्यावर, वेगळ्या शाईने.

टेम्सकाठ

+१. आणि 'मदत लागते' मधलं 'फक्त हवेचा आवाज ऐकून पुढे जाते' हे माझ्या मते 'धोकादायक' मध्ये हवं. तिने तपासलं हे खरं, पण ज्यावर विसंबली ती चाचणीच विश्वासाची नाही.

निर्झरा

मान्य. पहिल्या सेमिस्टरपासून सगळ्या वॉर्डांत एकच पद्धत शिकवली जाईपर्यंत मी ते 'मदत लागते' मध्ये ठेवतेय, कारण आज मुलींना ते आमच्यातल्याच एकीने शिकवलंय आणि त्यांना त्याची शिक्षा नको. पुढच्या तुकडीपासून ते 'धोकादायक' मध्ये जाईल. तक्त्यावर तशी तारीख लिहीन.

जुनी_सिस्टर

मला माझ्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर मिळालं. आता एक मागणं.

तुमच्या तक्त्यात वॉर्डातल्या स्टाफ सिस्टरसाठी एक रकाना ठेवा. शिक्षिका येते आणि जाते, मुलगी सकाळी आठपासून आमच्यासमोर असते. शिक्षिकेने पाठ फिरवल्यावर मुलगी नळी तपासते का, हे आम्हालाच दिसतं. गुण देण्याचा अधिकार नको, नुसती तारीख, वेळ आणि काय दिसलं ते एका ओळीत. पण त्याआधी आमच्या सिस्टरांनाही त्या दुपारच्या बैठकीला बोलवा, व्हिडिओ दाखवा. नाहीतर तुम्ही मुलींना स्राव बघायला शिकवाल आणि वॉर्डातली सिस्टर म्हणेल, "राहू दे, हवा सोडून बघ, लवकर होतं."

निर्झरा

रकाना घातला, सिस्टर. बैठक पुढच्या महिन्यात, दुपारच्या शिफ्टच्या हँडओव्हरनंतर ठेवतेय म्हणजे दोन्ही शिफ्टच्या सिस्टरांना बसता येईल. मेट्रनबाईंशी उद्या बोलते. तक्ता पक्का झाला की याच धाग्यावर टाकते, ज्यांना हवा त्यांनी आपल्या वॉर्डाप्रमाणे बदलून घ्यावा.